बोटावरचे मंजन, हातातला ब्रश

केशव विष्णू पेंढरकर नागपुरात किराणा दुकान चालवत. पुढे दुकान सोडून ते मुंबईला गेले, लहानसहान धंदे करून पाहिले आणि अखेर परळला स्थिरावले. १९५२ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली. तीच ‘विको’. कारखाना म्हणजे घरातले स्वयंपाकघर. तिथे वनस्पतींची दंतपावडर तयार व्हायची आणि ती दारोदार फिरून विकायची. वज्रदंती हे नाव कोरांटीचे. आपल्याकडे कुंपणाला दिसते तीच ही काटेरी, पिवळ्या फुलांची.

तेव्हा घरोघरी राखुंडी, कोळसा, मीठ, बाभळीची नाहीतर कडुलिंबाची काडी चाले. अनेक घरांत मशेरीही, म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यापुढे तंबाखू नसलेली पावडर केव्हाही बरी. ती बोटाने चोळायची. हिरड्यांना मालिश होई, पण दातांच्या फटीत बोट पोचत नाही. तिथे ब्रशच लागतो. नायलॉनच्या केसांचा ब्रश अमेरिकेत १९३८ मध्ये विक्रीला आला. त्याआधी ब्रशला डुकराचे केस असत, ते आपल्याकडे अनेकांना चालणे शक्यच नव्हते.

ब्रश आला, पण पावडर तीच राहिली, आणि खरी गडबड इथे होते. कोणतीही खरखरीत पावडर कडक ब्रशवर घेऊन आडवे खसाखसा घासले, तर हिरडी मागे सरकते. उघड्या पडलेल्या मुळावर टणक एनॅमल नसते. तिथे खाच पडते आणि थंड पाणी लागले की कळ जाते. केस वाकडे झालेला ब्रश तर दुहेरी नुकसान करतो: हिरडीच्या कडेची कीट तशीच राहते आणि साफ होत नाही म्हणून माणूस आणखी जोर लावतो. तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलावा, केस फाकले तर त्याआधीच. महिन्याभरातच फाकत असतील तर दोष बहुधा हाताच्या जोराचा. मऊ ब्रश घ्यावा, हलकेच फिरवावा. आंघोळीच्या घाईत हे होत नाही, दोन मिनिटे काढावी लागतात.

पेंढरकरांचा मुलगा गजानन औषधनिर्माणशास्त्र शिकून धंद्यात आला. केशवराव १९७१ मध्ये गेले. पावडरीच्या जोडीला पेस्ट आली, आणि किराणा दुकान सोडून ते निघाले होते त्या नागपुरातही विकोचा कारखाना उभा राहिला.