अणुपर्वापूर्वीचे भाभा

मुंबईकरांना डॉ. होमी जहांगीर भाभा ठाऊक आहेत ते ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांमुळे आणि कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी उभ्या असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेमुळे. भारतीय अणुशक्तीचे जनक ही बिरुदावली इतकी रूढ झाली, की त्यांचे स्वत:चे संशोधन तिच्याआड झाकले गेले. वास्तविक १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले ते याच संशोधनासाठी. तेव्हा देशात ना अणुऊर्जा आयोग होता, ना त्यांची संस्था.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका संपन्न पारशी कुटुंबात भाभांचा जन्म झाला. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे त्यांचे शिक्षण फोर्ट परिसरातच झाले. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, ही घरच्यांची इच्छा. मुलाला मात्र गणित आणि भौतिकीची ओढ. आधी अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळव, मग गणित शीक, अशी तडजोड वडिलांनी काढली. १९३० मध्ये अभियांत्रिकीत आणि १९३२ मध्ये गणितात प्रथम वर्ग मिळवून त्यांनी ती पुरी केली.

पुंजभौतिकीच्या दृष्टीने तो काळ मोठा विलक्षण होता. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण १९३२ मध्ये सापडला होता. हे दोन कण एकमेकांवर आदळले तर ते केवळ विखुरतात असे नाही. परस्परांना नष्ट करून पुन्हा नवी जोडी निर्माण होण्याचीही शक्यता असते. या दोन्ही शक्यता एकत्र धरून १९३५ मध्ये भाभांनी जे गणित मांडले, ते आज ‘भाभा विकिरण’ या नावाने ओळखले जाते.

त्याहून गाजला तो वॉल्टर हाइटलर यांच्यासमवेत १९३७ मध्ये लिहिलेला शोधनिबंध. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणात एकाएकी कणांचा वर्षाव होतो, हे प्रयोगांत दिसले होते. तो का होतो, याचा उलगडा होत नव्हता. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना प्रकाशकण बाहेर टाकतो, त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, हे नवे कण पुन्हा प्रकाशकण टाकतात, आणि ऊर्जा वाटली जाऊन संपेपर्यंत ही साखळी वाढत राहते, असे या दोघांनी दाखवले. रॉबर्ट ओपनहायमर आणि फ्रँकलिन कार्लसन हेही त्याच वर्षी अमेरिकेत स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले.

किरणांचा काही भाग मात्र जाड शिशातूनही आरपार जाई. तो इलेक्ट्रॉनपेक्षा जड अशा नव्या कणांचा असावा, असे भाभांनी मांडले. असे कण अल्पायुषी असले तरी प्रचंड वेगामुळे, सापेक्षतेच्या नियमानुसार, आपल्याला ते जास्त काळ जगलेले दिसतील, हेही त्यांनी १९३८ मध्ये सांगितले. पुढे प्रयोगांनी ते खरे ठरवले. या कणांना ‘मेसोट्रॉन’ म्हणण्याची टूम निघाली, तेव्हा ‘मेसो’ या ग्रीक शब्दाला ‘ट्र’ हे जोडाक्षर उगाच चिकटले आहे म्हणून भाभांनी ‘मेसॉन’ हे नाव सुचवले. चित्रकला आणि संगीतात रमणाऱ्या या माणसाचा कान शब्दांच्या बाबतीतही तिखट होता!

१९३९ मध्ये सुटीसाठी मायदेशी आलेले भाभा युद्धामुळे येथेच अडकले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे रुजू झाले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्तांकडे नव्या संस्थेचा प्रस्ताव धाडला. १९४५ मध्ये बंगळुरूत सुरू झालेली ही संस्था त्याच वर्षी पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली, १९४९ मध्ये गेट वेजवळील जुन्या यॉट क्लबमध्ये आणि १९६२ मध्ये कुलाब्यात स्थिरावली.

या धामधुमीतही गणित लगेच सुटले नाही. वर्षावात सरासरी किती कण असतील, एवढे सांगून त्यांचे समाधान होत नव्हते. एकाच कणापासून जन्मलेल्या या समूहातील चढउतार कसे मोजायचे, यावर १९५० मध्ये त्यांनी संभाव्यतेच्या अंगाने निबंध लिहिला. त्यांच्याच संस्थेत येऊन गेलेल्या अल्लादी रामकृष्णन यांनीही हा प्रश्न हाताळला. त्यानंतर मात्र भाभांचे शोधनिबंध विरळ होत गेले. अणुऊर्जा आयोग, ट्रॉम्बे, १९५६ ची ‘अप्सरा’ अणुभट्टी, दिल्लीच्या वाऱ्या! इतरांना संशोधनाची मोकळीक मिळावी म्हणून झटणाऱ्या भाभांना स्वत:साठी ती उरली नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेल्या भाभांचे ‘कांचनजंगा’ हे विमान जिनिव्हाला उतरण्यापूर्वी माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. ते ५६ वर्षांचे होते. त्याच जिनिव्हाजवळ १९८९ मध्ये इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची टक्कर घडवणारे महाकाय यंत्र सुरू झाले. टकरींचे प्रमाण अचूक मोजण्यासाठी तेथील शास्त्रज्ञांनी वापरले ते भाभांचे १९३५ सालचे गणित.