व्हर्सायचा माळी

व्हर्साय हे नाव मी प्रथम ऐकले ते शाळेत, इतिहासाच्या तासाला. १९१९ च्या तहाची कलमे पाठ करताना तिथे एक बागही आहे, हे कोणी सांगितले नव्हते. आता पॅरिसला जाण्याचा योग आला आहे आणि व्हर्सायसाठी हाती एकच दिवस आहे. जो तो म्हणतो, आरसेमहाल चुकवू नकोस. मी मात्र पुस्तके चाळता चाळता एका माळ्यापाशी येऊन थांबलो आहे.

त्याचे नाव आंद्रे ल नोत्र. जन्म १६१३, पॅरिस. आजोबा आणि वडील दोघेही त्विलरीच्या राजोद्यानात माळी. पोराने मात्र आधी सिमों व्हुए या चित्रकाराच्या चित्रशाळेत हात वळवला. रेषा, छाया आणि दूरचे दृश्य यांची जाण त्याला तिथे आली. पुढे वडिलांचीच नोकरी त्याच्याकडे आली. पण माती पाहणारी दृष्टी आता चित्रकाराची झाली होती.

त्याचे नाव गाजले ते निकोला फुके या अर्थमंत्र्याच्या व्हो-ल-व्हिकोंत येथील बागेमुळे. दूरची वस्तू लहान दिसते, म्हणून लांबची तळी त्याने मुद्दाम मोठी आखली. १७ ऑगस्ट १६६१ रोजी फुकेने तिथे राजाला, म्हणजे चौदाव्या लुईला, थाटाची मेजवानी दिली. तीन आठवड्यांच्या आत फुके कैदेत पडला आणि १६८० मध्ये कैदेतच वारला. त्याचा वास्तुकार, चित्रकार आणि माळी मात्र राजाने आपल्या कामाला लावले. एकाचे दैव फिरले आणि दुसऱ्याचे उजळले, ते असे!

व्हर्साय तेव्हा शिकारीचे ठिकाण होते, जमीन दलदलीची. ल नोत्रने ती नीट करून घेतली, वाटा आखल्या, झाडी लावली आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीचा कालवा खोदवला. कारंज्यांना पाणी मात्र कधीच पुरले नाही. राजा जवळ आला की शिट्टी वाजवायची आणि त्या बाजूचे कारंजे सोडायचे, अशी युक्ती करावी लागे. पाण्यासाठी सेन नदीवर मार्लीचे यंत्र बसवले. एर नदीचे पाणी आणण्याच्या कामावर हजारो सैनिक जुंपले. त्यांतले कितीतरी तापाने मेले आणि १६८८ च्या युद्धामुळे ते काम अर्धवटच राहिले. बागेच्या सौंदर्याबरोबर हेही लक्षात ठेवायला हवे.

१६७५ मध्ये राजाने या माळ्याला सरदारकी दिली. बाग कशी पाहावी याची वाटवार सूचनाही राजाने स्वतः लिहिली: आधी गच्चीवर उभे राहावे, मग लातोनाच्या कारंज्याच्या माथ्यावर थांबून पुढे पाहावे. तिनशेहून अधिक वर्षांपूर्वी राजानेच माझ्या सहलीचा बेत आखून ठेवला आहे म्हणा ना!

१७०० मध्ये, मृत्यूपूर्वी महिनाभर, ल नोत्र राजाला भेटायला आला. राजा बागेत चाकांच्या खुर्चीतून फिरत असे. त्याने तशीच एक खुर्ची मागवून सत्त्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला आपल्या शेजारून फिरवले. आपले वडील हे पाहायला हवे होते, असे त्या माळ्याच्या पोराला वाटले म्हणतात. ही हकिगत वाचली आणि माझा बेत ठरला.

सोमवार टाळायचा, कारण राजवाडा बंद असतो. सकाळच्या पहिल्या गाडीने निघायचे. आधी बाग, राजाने सांगितलेल्या वाटेने, वाडा दुपारनंतर. त्याने लावलेली झाडे आज नाहीत. ती कितीदा तरी नव्याने लावली गेली. १९९९ च्या वादळातही हजारो पडली. पण त्याने आखलेल्या वाटा आहेत. आरसेमहालाला वेळ थोडा कमी पडला, तरी चालेल. त्या वाटेवरून एकदा, सावकाश, चालून यायचे आहे.