युद्धकाळापुरता विश्वविजेता

जानेवारी १९४२ मध्ये जो लुई अमेरिकी सैन्यात दाखल झाला आणि मुष्टियुद्धातील सर्वांत मानाचे हेवीवेट विश्वविजेतेपद जणू कुलूपबंद झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये झालेली एक लढत सोडली, तर जून १९४६ पर्यंत लुईने हा किताब पणाला लावला नाही. नेमक्या याच काळात क्लीव्हलँडचा जिमी बिव्हिन्स ऐन भरात होता.

बिव्हिन्सचा जन्म ६ डिसेंबर १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातला. तो लहान असतानाच हे कृष्णवर्णीय कुटुंब क्लीव्हलँडला आले. १९४० मध्ये व्यावसायिक रिंगणात उतरलेल्या या तरुणाला १९४२ मध्ये 'द रिंग' मासिकाने लाइट हेवीवेट आणि हेवीवेट अशा दोन्ही गटांत पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर ठरवले. हा मान अनाठायी नव्हता. जून १९४२ ते फेब्रुवारी १९४६ या काळात त्याला कुणीही हरवू शकले नाही. जानेवारी १९४३ मध्ये त्याने एझर्ड चार्ल्सला नमवले आणि मार्चमध्ये टॅमी मॉरिएलोवर मात केली. या विजयाने त्याला 'ड्युरेशन चॅम्पियन', म्हणजे युद्ध संपेपर्यंतचा विजेता, असा किताब मिळाला. हा किताब मोठा विचित्र म्हणावा लागेल, कारण तो देतानाच परत घेण्याची तरतूद त्यात होती. पुढे काही काळ बिव्हिन्सही सैन्यात होता. ऑगस्ट १९४५ मध्ये त्याने आर्ची मूरला सहाव्या फेरीत नॉकआउट केले.

युद्ध संपले. लुई परतला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मात्र जर्सी जो वॉलकॉटने बिव्हिन्सला क्लीव्हलँडमध्येच, त्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, गुणांवर हरवले आणि रांगेतली त्याची जागा गेली. डिसेंबर १९४७ मध्ये लुईसमोर विजेतेपदासाठी उभा राहिला तो वॉलकॉट. पुढे चार्ल्स, वॉलकॉट, मूर हे तिघेही विश्वविजेते झाले. बिव्हिन्सला विजेतेपदाची एकही लढत मिळाली नाही. लुईशी त्याची अधिकृत गाठ पडली ती ऑगस्ट १९५१ मध्ये, बाल्टिमोरला. तोवर लुईचे जेतेपदही गेलेले होते. दहा फेऱ्यांनंतर निकाल लुईच्या बाजूने लागला.

१९५५ मध्ये त्याने हातमोजे उतरवले, तेव्हा त्याच्या खात्यावर ११२ लढतींत ८६ विजय होते. नंतर त्याने बेकरीचा माल पोहोचवणारा ट्रक चालवला, क्लीव्हलँडच्या व्यायामशाळेत मुलांना मुष्टियुद्धाचे धडे दिले. १९९८ मध्ये पोलिसांना तो एका नातलगाच्या घराच्या पोटमाळ्यावर मळक्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या अवस्थेत सापडला. वजन उरले होते जेमतेम ५० किलो. या प्रकरणी एका नातलगाला तुरुंगवास झाला.

तिथून पुढे बहिणीने त्याला सांभाळले आणि तो सावरला. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. ४ जुलै २०१२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.