घरची भट्टी आणि ‘आप’: कोण होते गुलाम महाराज?

घरी बिअर बनवायची तर आधी माल्ट निवडावा लागतो, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. त्यातल्या स्टार्चची साखर झाल्याशिवाय काही आंबत नाही. विसरवाडी, नवापूर, तळोदा या पट्ट्यात हा खटाटोप लागतच नाही. मोहाच्या फुलात साखर तयार असते. सुकी फुलं पाण्यात भिजवायची, काही दिवस आंबू द्यायची आणि चुलीवर चढवून वाफ धरायची. देवाला, लग्नाला, पाहुण्याला हीच दारू लागायची.

1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरवली. दारू सुटली नाहीच, पण ती आता ठेकेदाराकडून पैसे मोजून घ्यावी लागू लागली.

गुलाम महाराज हे तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे, म्हणजे आजच्या रंजनपूरचे भिल्ल. दारू आणि मांस सोडा, रोज आंघोळ करा, एवढं साधं त्यांचं सांगणं. 1938 च्या सुमारास त्यांच्या सोमवारच्या आरतीला दूरदूरच्या पाड्यांवरून आदिवासी पायी येत. त्यांचा खरा धाडसी नियम मात्र वेगळाच होता: एकमेकांना ‘आप’ म्हणायचं. ज्यांना सावकारापासून शिपायापर्यंत सगळे अरे-तुरे करत, त्यांच्यासाठी हा शब्द दारू सोडण्याइतकाच मोठा होता.

1938 मध्येच महाराज वारले. आरती थांबली नाही. भाऊ रामदास महाराजांनी ती पुढे चालवली, आणि वाढत्या गर्दीला बिचकलेल्या इंग्रज सरकारने त्यांना जिल्ह्याबाहेर घालवलं.