मुंबई सोडून बेळगावला आलेले लक्ष्मणराव

आपल्या बेळगावात किर्लोस्कर रोडवर खरेदीला गेला नाही असा माणूस सापडणे कठीण. पण ज्या घराण्याचे हे नाव, त्यातील लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडून या गावात दुकान थाटले होते, हे आजच्या मुलांना सांगावे लागते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेत मन रमेना. ओढ चित्रकलेची आणि यंत्रांची. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी कळले की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंग सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटन धरले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले.

नोकरी चांगली होती. जोडीला मुंबईहून सायकली बेळगावला पाठवायच्या आणि थोरले बंधू रामूअण्णांनी त्या विकायच्या, असा उद्योगही चालू होता. पण बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणराव कुढत बसले नाहीत. राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

इथे त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली. धंद्याचा जम बसत होता, तोच गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. उभा संसार मोडून कुठे जायचे? तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली आणि कर्जही दिले.

जागा कसली, निवडुंगाचे आणि सापांचे माळरान! १९१० च्या मार्च महिन्यात थोड्या सोबत्यांनिशी लक्ष्मणराव तिथे उतरले. माळ साफ झाला, घरे उठली, भट्टी पेटली. हीच किर्लोस्करवाडी. वाडीत शिवाशिव चालत नसे. तुरुंगवास भोगून आलेल्यांनाही त्यांनी रखवालीचे काम विश्वासाने दिले. १९२० साली तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघाले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांच्या कपाटात त्याचे अंक असत. नांगरामागोमाग पंप आले, इंजिने आली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

मी स्वतः डिप्लोमा करून सरकारी नोकरीत शिरलो. आज आमची मुले पुण्या-बेंगळुरूला निघतात तेव्हा त्यांना अडवण्याचा अधिकार मला नाही. गावाने लक्ष्मणरावांना तरी कुठे सांभाळले? बेळगावातला कारखाना त्यांना हलवावाच लागला, ही टोचणी आपण विसरू नये. मात्र मोठ्या शहरात शिकलेली विद्या लहान गावात, आणि ओसाड माळावरही, कामाला लावता येते, हे त्यांनी करून दाखवले. असा कोणी मुलगा उद्या परत आला, तर त्याला जागा देणारे आपण असावे, एवढी सुबुद्धी गणरायाने आपल्याला द्यावी.