यंत्राची लिपी रचणारे चार्ल्स बॅबेज

संगणकाचे जनक म्हणून चार्ल्स बॅबेज यांचे नाव शालेय पुस्तकांतूनही परिचित आहे. त्यांची गणकयंत्रे त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाहीत, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र स्वतः बॅबेज आपल्या ज्या कामाला फार मोठे मानीत, ते जवळजवळ विस्मृतीत गेले. यंत्राची संपूर्ण क्रिया कागदावर चिन्हांनी मांडणारी लिपी, हे ते काम. आज चिपची रचना करणारा अभियंता पडद्यावर चौकोन आणि बाण जोडून चित्ररूप प्रारूप उभे करतो आणि त्यातून प्रत्यक्ष हार्डवेअरचे वर्णन सॉफ्टवेअर आपोआप तयार करते. या रीतीशी जवळचे नाते सांगणारा विचार बॅबेज यांनी १८२६ सालीच मांडला होता.

२६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये एका सधन बँकरच्या घरी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण झाले. १८२१ साली मित्र जॉन हर्शेल यांच्यासह खगोलशास्त्रीय कोष्टके तपासताना चुकांमागून चुका आढळू लागल्या. आकडेमोड माणसांनी केलेली आणि छपाईचे खिळेही माणसांनीच जुळवलेले. दोन्ही कामे यंत्राकडे सोपवावीत, या विचारातून ‘डिफरन्स इंजिन’ जन्मले. १८२३ पासून सरकारी अनुदान मिळू लागले आणि जोसेफ क्लेमेंट या निष्णात कारागिराकडे बांधणी सोपवण्यात आली.

यंत्राचे सुटे भाग सुमारे २५,००० होणार होते. नेहमीच्या आराखड्यात भागाचा आकार दिसतो, पण तो कधी हलतो, कशामुळे हलतो आणि त्या क्षणी शेजारचे चाक काय करीत असते, हे दिसत नाही. एवढे सारे डोक्यात ठेवणे कोणालाही अशक्य होते. म्हणून बॅबेज यांनी स्वतंत्र संकेतपद्धती रचली. तिची तीन अंगे होती. पहिल्यात आराखड्यातील प्रत्येक भागाला अक्षर मिळे. पुढे ठरलेल्या नियमांनुसार स्थिर चौकटीसाठी सरळ अक्षरे, तर हलणाऱ्या भागांसाठी तिरपी. दुसऱ्यात गती कोणत्या भागाकडून कोणत्या भागाकडे जाते, याची साखळी दाखवली जाई. तिसरे अंग काळाचे. प्रत्येक भाग केव्हा चालू आणि केव्हा स्थिर, हे त्यात एका दृष्टिक्षेपात कळे. कोणता भाग विनाकारण रिकामा राहतो, कोणत्या दोन क्रिया एकाच वेळी उरकता येतील, हे लोखंडाला हात लावण्यापूर्वीच कागदावर ठरवता येई. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातील आपल्या निबंधात त्यांनी उदाहरणादाखल आठ दिवस चालणारे घड्याळ घेतले होते.

पुढच्याच वर्षी, १८२७ मध्ये, वडील, पत्नी जॉर्जियाना आणि दोन मुले त्यांनी गमावली. खचलेले बॅबेज काही काळ युरोपात भटकले. परतल्यावर काम पुन्हा सुरू झाले, परंतु १८३३ मध्ये क्लेमेंट यांच्याशी पैशांवरून वाद होऊन ते थांबले. पूर्ण यंत्राच्या जवळपास सातव्या हिश्शाएवढाच भाग जुळला होता. १८४२ मध्ये सरकारने अंग काढून घेतले, तोवर १७,००० पौंडांहून अधिक खर्च झाला होता. त्यात बॅबेज यांचा हट्टी, कोणालाही दुखावणारा स्वभाव मुळीच उपयोगी पडला नाही.

दरम्यान १८३४ पासून ते ‘अॅनालिटिकल इंजिन’च्या मागे लागले. संख्या साठवणारे कोठार, त्यांवर क्रिया करणारी गिरणी, आदेश देणारी छिद्रांची पत्रे, अशी त्याची रचना होती. हा पसारा आपल्या लिपीविना आवाक्यात आलाच नसता, अशी त्यांची धारणा होती. १८५१ मध्ये लिपीचे नियम छापून त्यांनी ते वाटले. प्रतिसाद क्षीणच राहिला. चिन्हे शिकण्याचे कष्ट घेण्याइतके गुंतागुंतीचे यंत्र त्या काळी दुसऱ्या कोणाकडे फारसे नव्हतेच.

अपवाद घरातलाच होता. त्यांचे पुत्र हेन्री ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करात अधिकारी होते. १८५५ साली ग्लासगो येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात हेन्री यांनी ही लिपी समजावून दिली. उदाहरणासाठी निवडलेले यंत्र होते स्वीडनच्या शॉइट्झ पितापुत्रांचे. बॅबेज यांच्या यंत्रावरील लेख वाचून स्फुरलेले ते यंत्र पूर्ण झाले होते. बॅबेज यांचे मात्र नाही.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज यांचे निधन झाले. ‘डिफरन्स इंजिन’ची १८४७ ते १८४९ दरम्यान केलेली सुधारित रचना कागदावरच राहिली होती. तिची चित्रे हाती घेऊन लंडनच्या सायन्स म्युझियमने १९८५ मध्ये प्रकल्प आखला. चित्रांत काही चुका निघाल्या. कुठे भाग उलट्या दिशेने दाखवला गेला होता. त्या दुरुस्त करण्यात आल्या आणि १९९१ मध्ये, बॅबेज यांच्या जन्माला २०० वर्षे होत असताना, गणन करणारा विभाग बिनचूक चालू लागला. छपाईचा विभाग २००२ मध्ये पूर्ण झाला.