दिल्लीत बौद्ध विद्येचा पाया घालणारे प्रा. पु. वि. बापट

पाली भाषेचे थोर अभ्यासक प्रा. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांचा जन्म १८९४ चा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात धर्मानंद कोसंबी यांच्याकडे ते पाली शिकले आणि पुढे तेथेच त्यांनी पालीचे अध्यापन केले.

मूळ ग्रंथच उरला नसेल तर त्याचा अभ्यास करायचा कसा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ सहाव्या शतकातील चिनी अनुवादात टिकून होता. त्यासाठी बापटांनी चिनी भाषेचा अभ्यास केला. ‘विसुद्धिमग्गा’शी त्याची तुलना करणारा त्यांचा हार्वर्ड विद्यापीठातील प्रबंध १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. पालीच्या प्राध्यापकाने चिनीकडे वळावे, हे त्या काळी विलक्षणच म्हणायचे.

बुद्धांच्या महापरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५६ मध्ये काढलेल्या ग्रंथाचे ते संपादक होते. भारताबरोबरच श्रीलंका, चीन, जपान, तिबेट येथील बौद्ध परंपरांची माहिती त्यामुळे महाविद्यालयीन शिक्षकांना एकाच ठिकाणी मिळू लागली. पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात बौद्ध विद्या विभाग स्थापन झाला आणि साठी ओलांडलेले बापट त्याचे पहिले प्रमुख झाले.

‘समन्तपासादिके’च्या चिनी रूपाचे, जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्यासह त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये भांडारकर संस्थेने प्रकाशित केले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.